इंजिन न उघडता घाटात ओढ: नव्या टुरिंग बाईकच्या कामाच्या नोंदी, सातारा

५ ऑक्टोबर २०२५

दसऱ्याला गाडी घरी आली. चारशे सीसीच्या आसपासची, सिंगल सिलिंडर, लिक्विड कूल्ड, राइड-बाय-वायर थ्रॉटल, पुढं २१ इंची आणि मागं १७ इंची चाक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना हे काम थोड्याफार फरकानं लागू पडेल, आणि नाव लिहिलं की चर्चा गाडीची होते, कामाची राहून जाते.

एकटा असलो की गाडीबद्दल तक्रार नाही. बायको मागं आणि दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या असल्या की यवतेश्वर घाटाच्या वळणात गाडी दुसऱ्या गिअरला धडधडते आणि पहिल्याला किंचाळते. मधलं काही नाही. गिअर टाकला की मागचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटतं. खड्ड्यात मागचा शॉकॲब तळाला टेकतो. रात्री कासकडून उतरताना उजेड कमी पडतो. एवढ्याच गोष्टी सुधारायच्या आहेत. टॉप स्पीड वाढवायचा नाही. अट एकच: तीन वर्षं किंवा ३०,००० किलोमीटरची वॉरंटी शाबूत राहिली पाहिजे.

रात्री वॉरंटीचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. काय मिळणार यापेक्षा काय मिळणार नाही ती यादी कामाची. इंजिन, सायलेन्सर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि वायरिंगमध्ये केलेला बदल, ठरवून दिलेल्या ग्रेडपेक्षा वेगळं ऑइल, चुकवलेली सर्व्हिस, यातून झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. दुसरीकडं टायर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, एअर फिल्टर हे झिजणारे भाग, त्यांना वॉरंटी मुळातच नाही. म्हणजे सुरुवात तिथून करायची. जे मिळणारच नव्हतं ते गमवायची भीती नाही. मात्र बदललेल्या भागामुळं दुसरं काही बिघडलं तर त्या दुसऱ्याचा दावा जातो, हे तिथंच बारीक अक्षरात आहे.

१२ ऑक्टोबर

पहिली सर्व्हिस झाली. तोवर आरपीएम आवरून चालवली, डबल सीट पुन्हा घाटात नेली नाही. ऑइल सांगितलेल्या ग्रेडचंच, जासो एमए२ मानकाचं. सातारच्या उन्हाला घट्ट ऑइल बरं, असा सल्ला फुकट मिळतो. वेट क्लचच्या, म्हणजे क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो अशा गाडीत त्या नादाला लागू नये.

घरी आल्यावर चेन तपासली तर कडक. मॅन्युअलप्रमाणं २५ ते ३५ मिलिमीटर ढिलाई हवी, स्टँडवर जेमतेम १५ भरली. एवढा लांब सस्पेन्शन ट्रॅव्हल असलेल्या गाडीची चेन कडक ठेवली, की मागं माणूस बसून शॉकॲब दबला की ती आणखी ताणते, आणि तो ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. घरी पाना लावला असता तर दहा मिनिटांचं काम. पण परत नेली आणि जॉबकार्डवर ‘चेन कडक, ढिली करून दिली’ असं लिहून घेतलं. अर्धा दिवस गेला. कागद मात्र तयार झाला. उद्या बेअरिंग वाजलं तर तो दाखवता येईल.

१९ ऑक्टोबर

सुधारणा झाली की नाही हे मनाला विचारायचं नाही, म्हणून आधी मोजमाप. समर्थ मंदिरावरून यवतेश्वरला चढताना एक सरळ पट्टा आहे. तिथं डबल सीट, पेट्यांसह, तिसऱ्या गिअरला ३० वरून ६० ला जायला लागणारा वेळ. मोबाइल खिशात, जीपीएसची नोंद चालू, आकडे घरी येऊन बघायचे. शनिवार-रविवारी कासच्या गर्दीत असलं काही करू नये. उजाडताना, आठवड्याच्या मधल्या वारी करावं. सरासरी ८.२ सेकंद आली.

उंचीचा हिशेब आत्ताच मांडून ठेवतो. सातारा शहर सुमारे ७०० मीटरवर, कास पठार सुमारे १,२०० मीटरवर. वर हवा साधारण पाच टक्के विरळ, इंजिनाची ताकदही तेवढीच कमी. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण सांभाळतं, हवा कुठून आणणार? त्यामुळं कासला गाडी जड वाटली म्हणून लगेच सर्व्हिस सेंटर गाठायचं कारण नाही.

२४ ऑक्टोबर

गोडोलीतले एक मिस्त्री आहेत, मी त्यांना मामा म्हणतो. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. पेट्यांकडं बघून म्हणाले, “गाडी न्हाय दमत रं तुजी, तूच लादतूयस. आधी काट्यावर घाल.”

गाडी, आम्ही दोघं, सगळं सामान असं वजनकाट्यावर गेलो. काटेवाला म्हणाला, “साहेब, ऊस कुठाय?” काटा दहा किलोच्या टप्प्यानं दाखवतो, त्यानं ३९० दाखवले. मॅन्युअलमधली एकूण वजनाची मर्यादा ३८०. म्हणजे ओढ कमी म्हणून ओरडतोय आणि मर्यादेबाहेर चालवतोय. तोललं तर नुसत्या रिकाम्या पेट्या आणि त्यांची फ्रेम मिळून २१ किलो!

पेट्या विकायला काढल्या. २७,००० ला घेतल्या होत्या, १८,००० ला गेल्या. त्यांच्या जागी कापडी सॅडलबॅग आणि त्या चाकात जाऊ नयेत म्हणून साधा स्टे, दोन्ही मिळून ११,०००. स्टेसह वजन ७ किलो. सामानातूनही सहाएक किलो कमी केलं. कॅम्पिंगची खुर्ची घरी राहिली, त्यावरून दोन दिवस बोलणी खाल्ली. आता काटा ३७०. त्याच पट्ट्यावर वेळ ७.७.

पावसात कापडी बॅगेचं लॉक आणि वॉटरप्रूफपणा पेटीइतका नसतो, हे खरं. हॉटेलवर बॅग काढून खोलीत न्यावी लागते. मला चालतं.

२ नोव्हेंबर

पुण्याच्या एका दुकानातून फोन. सायलेन्सर आणि पेट्रोलचं प्रमाण बदलणारा इलेक्ट्रॉनिक डबा असं जोडीचं पॅकेज, पन्नास हजारांच्या घरात. “वॉरंटी जात नाही सर, सर्व्हिसला जाताना काढून ठेवायचं.” काढून ठेवायचं म्हणजे लपवायचं. त्याला वॉरंटी राहणं म्हणत नाहीत.

नैतिक बाजू सोडा, उपयोग बघा. बीएस-६ (धुराच्या नियमांत बसणाऱ्या) गाडीत ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात बसून सतत मोजत असतो आणि ईसीयू त्याप्रमाणं मिश्रण पुन्हा जागेवर आणतो. तो डबा या सेन्सरला फसवतो. मोकळ्या सायलेन्सरनं ताकद वाढलीच तर वरच्या आरपीएमला, आणि घाटात मला हवी खाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ स्वरूपात असा फेरफार चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए प्रमाणं मालकाला दर फेरफारामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाजाचं कलम वेगळंच. हा विषय इथं संपला.

९ नोव्हेंबर

खरं काम पुढच्या स्प्रॉकेटचं, म्हणजे गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या, चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाचं. मूळ १५ दाते पुढं, ४५ मागं, म्हणजे गुणोत्तर ३.००. पुढं १४ लावलं तर ३.२१. चाकावर सात टक्के जास्त ओढ, आणि त्याच वेगाला सात टक्के जास्त आरपीएम. इंजिनाला स्पर्श नाही.

सर्व्हिस सेंटरला विचारलं. ॲडव्हायझर म्हणाला, “बदलून टाका की बिनधास्त साहेब. कोण बघतंय?”

“जॉबकार्डवर लिहून द्याल?”

“तसं नाही देता येत.”

मग कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल केला. गाडीचा चेसिस नंबर, नेमका प्रश्न, हो-नाहीत उत्तर मागितलं. पहिलं उत्तर छापील: अधिकृत केंद्राशी संपर्क साधा. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा प्रश्न वेगळा विचारला, की मूळ मापापेक्षा वेगळं स्प्रॉकेट लावलं तर वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली काय नाकारलं जाईल? याचं नीट उत्तर आलं. चेन-किटची जबाबदारी घेणार नाही, स्प्रॉकेटमुळं गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टला किंवा त्याच्या ऑइल सीलला इजा झाल्याचं दिसलं तर तो दावा नाही, बाकी वॉरंटी चालू. प्रिंट काढून आरसीच्या झेरॉक्ससोबत फाइलला लावली. ‘चालेल का?’ या प्रश्नाला कुणीच उत्तर देत नाही. कलम विचारलं की द्यावं लागतं.

१६ नोव्हेंबर

स्प्रॉकेट बसवलं आणि काढलं.

बाजारातलं १४ दात्यांचं ६५० रुपयांना आणलं होतं. स्प्लाइन (शाफ्टवर बसणाऱ्या आतल्या खाचा) बरोबर, नट आवळला, चाक हातानं फिरवलं तर दर फेऱ्याला टक-टक. आमच्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये नेऊन व्हर्नियर लावला. मधल्या बॉसची, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या जाड भागाची, जाडी मूळ स्प्रॉकेटपेक्षा १.२ मिलिमीटर कमी. म्हणजे चेन पुढं एका रेषेत आणि मागं दुसऱ्या. असंच चालवलं असतं तर चेनच्या बाजूच्या पट्ट्या दात्यांना घासत राहिल्या असत्या. लेथवर वॉशर कापून फट भरायचा मोह झाला, साधनं समोरच होती. पण त्या शाफ्टवर घरगुती वॉशर घालून नंतर सील गळलं तर वरच्या ईमेलमधलं वाक्य माझ्याच गळ्यात. ६५० बुडाले, दुकानदारानं परत घेतलं नाही.

२३ नोव्हेंबर

कंपनीच्याच धाकट्या मॉडेलला १४ दात्यांचं मूळ स्प्रॉकेट येतं, हे पार्ट कॅटलॉग चाळताना सापडलं. स्प्लाइन तीच, बॉसची जाडी मोजून घेतली, तीच. ९२० रुपये, मागवायला आठवडा गेला. सोबत नवा लॉक वॉशर. जुना सरळ करून परत वापरायचा नाही. नट टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळणारा पाना) आवळला. नसेल तर भाड्यानं आणा, पण पाइप लावून अंदाजानं आवळू नका.

पुढं एक दाता कमी झाला की चेन ढिली पडते. मागचा ॲक्सल सुमारे ४ मिलिमीटर मागं घ्यावा लागला. दोन्ही बाजूंच्या खुणांवर विसंबलो नाही, सुतळी धरून चाकांची सरळ रेषा बघितली. स्पीडोमीटर चाकाच्या सेन्सरवर चालतो, त्यामुळं आकडा बिघडला नाही, जीपीएसशी ताडून पाहिला. जुन्या पद्धतीच्या ज्या गाड्यांत वेग गिअरबॉक्समधून मोजतात, त्यांत स्पीडोमीटर आणि किलोमीटर दोन्ही जास्त दाखवतील. तिथं वॉरंटीचे किलोमीटरही लवकर संपतात, हे कुणी सांगत नाही.

वेळ ६.८. वळणात आता दुसरा गिअर धरून ठेवतो. बायकोला आकडे सांगितले नव्हते. यवतेश्वरच्या वर चहाला थांबलो तेव्हा तीच म्हणाली, “अहो, आज हेल्मेटं आपटली नाहीत.”

वाईट बाजू: पुण्याच्या रस्त्यावर ९० च्या वेगाला पूर्वी ५,००० आरपीएम होते, आता ५,३५० च्या आसपास. ९५ नंतर फुटरेस्टमध्ये मुंग्या जाणवतात. मायलेज लिटरला दीडएक किलोमीटरनं उतरलं. ज्याचं फिरणं बेंगळुरू हायवेवर त्यानं १५ च ठेवावं. आम्हाला साताऱ्यातून कास, महाबळेश्वर, केळघर कुठंही जा, तासाभरात घाट लागतो, म्हणून १४ राहणार.

३० नोव्हेंबर

सस्पेन्शन. पैसे शून्य, आणि मला विचाराल तर फरक सगळ्यात जास्त. गाडी उचलून मागचं चाक लोंबकळत असताना ॲक्सलपासून शेपटीवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर मोजलं, मग दोघं सामानासह बसून पुन्हा मोजलं. गाडी ८५ मिलिमीटर बसली. ट्रॅव्हल २०० चा. तिसरा हिस्सा, म्हणजे ६० ते ६६ बसायला हवी. कारखान्यातून प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, दुसऱ्या खाचेवर आला होता. सी-स्पॅनरनं पाचव्यावर नेला, ६८ आले. शॉकॲब उघडायचा नाही, फोर्कमधलं ऑइल बदलायचं नाही, दोन्ही वॉरंटीतले भाग. नुसता प्रीलोड फिरवायला मॅन्युअलमध्येच सांगितलंय.

हवेचा घोळ वेगळा. पंपावरचा मीटर आणि माझा नवा गेज (७०० रुपये) यांत ४ पीएसआयचा फरक निघाला, पंपाचा जास्त दाखवतो. म्हणजे इतके दिवस मागचं टायर कमी हवेवर, वर मर्यादेबाहेर वजन. हवा थंड टायरमध्ये, घरून निघतानाच बघायची.

मागची बाजू उचलली गेल्यामुळं हेडलाइटचा झोत खाली, पुढच्या चाकाजवळ पडायला लागला. भिंतीसमोर उभी करून स्क्रू फिरवला. रात्रीच्या उजेडाची निम्मी तक्रार इथंच मिटली. एक्स्ट्रा लाइट घ्यायच्या आधी हे केलं असतं तर पुढची नोंद लिहावी लागली नसती.

१४ डिसेंबर

लाइट घेऊन झाले होते. शहरातल्या एका ॲक्सेसरी दुकानात एलईडीची जोडी बसवून घेतली, फिटिंगसह ६,५००. मी समोर थांबलो नव्हतो. केळघर घाटातून मेढ्याकडं उतरताना एबीएसचा (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) दिवा लागला, विझेना. सर्व्हिस सेंटरला टाकी काढल्यावर दिसलं: हेडलाइटच्या मूळ वायरीचं कव्हर सोलून तिथं जोड मारलेला, वर काळी टेप.

“हार्नेस कापलाय साहेब. हे वॉरंटीत बसत नाही आता.”

हार्नेस म्हणजे गाडीच्या मूळ वायरींचा जुडगा. त्यांचं चुकलं नाही. पण दिव्याचं कारण तो जोड नव्हता. मी थांबलो आणि शेवटपर्यंत शोधायला लावलं. लाइटच्या वायरीबरोबर एबीएस सेन्सरची वायरही एकाच टायनं आवळून बांधली होती. हँडल पूर्ण वळलं की ती ताणायची, शेवटी आतून तुटली. सेन्सर वायरीसकटच येतो. २,४०० माझ्या खिशातून, गाडी चार दिवस आत.

दुकानाचं सगळं काढलं. सोललेली जागा सोल्डर आणि हीट-श्रिंकनं बंद करून घेतली, फोटो जॉबकार्डला जोडले, ‘मूळ वायरिंग पूर्ववत’ असा शेरा मागून घेतला. मग कंपनीचाच लाइटचा किट, १३,०००. दुप्पट महाग, पण त्याला गाडीत आधीपासून असलेल्या कनेक्टरमध्ये खोचायचं असतं, वायर कुठंही कापायची नाही, आणि किटची वॉरंटी गाडीच्या बिलावर येते. इतके पैसे द्यायचे नसतील तर थेट बॅटरीवरून फ्यूज आणि रिले घालून वेगळी लाइन ओढा. मूळ हार्नेसला ब्लेड लावणाऱ्या माणसापासून गाडी लांब ठेवा. लाइटचं बिल विमा कंपनीलाही कळवलं. जास्तीच्या ॲक्सेसरीज पॉलिसीत लिहिलेल्या नसतील तर अपघातात त्यांचे पैसे मिळत नाहीत.

२८ डिसेंबर

गाळप जोरात आहे. कोरेगाव, रहिमतपूरकडं ट्रॉल्यांमागून जाताना पाचट उडून रेडिएटरच्या जाळीत बसतं. ब्रशनं हळू काढलं. प्रेशरचं पाणी जवळून मारलं तर पापुद्रे वाकतात. हायवेवर सातारा ते कागल सहापदरीकरणाची धूळ आहेच. एअर फिल्टर मुदतीच्या खूप आधी उघडला, मातकट निघाला. कंपनीचाच कागदी फिल्टर घातला, ५४०. धुऊन वापरायचा ‘परफॉर्मन्स’ फिल्टर या धुळीत घालायची माझी हिंमत नाही. तो हवा जास्त सोडतो म्हणतात, मग धूळही सोडत असणार. मुदतीआधी बदलल्यानं वॉरंटीला काही होत नाही, बिल ठेवलं. घड्याळावर फरक दिसला नाही, ६.८ चे ६.८. लिहून ठेवतो, कारण फिल्टर बदलल्यावर गाडी उडायला लागली असं सांगणारे खूप भेटतात.

११ जानेवारी २०२६

पहिला आठवडा साहित्य संमेलनाच्या गर्दीत गेला, शाहू स्टेडियमच्या बाजूला बाईक काढण्यात अर्थ नव्हता. आज दोघं, सगळं सामान, पाटणवरून कुंभार्ली उतरून चिपळूण, तोच रस्ता परत. चढताना ट्रकमागं दुसऱ्या गिअरला अडकलो तरी धडधड नाही, ओव्हरटेकला तिसरा पुरतो. शॉकॲब एकदा टेकला, तो खड्डा तसाच होता. पंखा चिपळूणहून वर येताना बराच वेळ चालला, तापमानाचा काटा मधेच राहिला.

घरी येऊन चेनखालचा, स्विंगआर्मवरचा (मागचं चाक धरणारा दांडा) रबरी स्लायडर बघितला. छोटं स्प्रॉकेट लावलं की चेन तिथं जास्त घासते. खाच पडलीय, व्हर्नियरनं सुमारे १ मिलिमीटर. नवा स्लायडर ३८० रुपयांना मिळतो, मागवून ठेवला. खाच ३ मिलिमीटर झाली की बदलायचा, नाहीतर चेन स्विंगआर्मच्या लोखंडाला लागते.

आजवरचा खर्च: वाया गेलेलं स्प्रॉकेट, सेन्सर आणि पहिले लाइट मिळून ९,५५०, पेट्यांतला तोटा ९,०००. उपयोगी पडलेलं सामान, म्हणजे बॅगा, चालणारं स्प्रॉकेट, गेज, फिल्टर, कंपनीचे लाइट आणि स्लायडर, मिळून साडेसव्वीस हजार. यातले लाइट सोडले तर तेरा-साडेतेरा हजारांत घाटाचं काम झालेलं आहे.

मागचं टायर मधोमध सपाट व्हायला लागलंय, मार्चपर्यंत जाईल. दुकानदार एक माप रुंद सुचवतोय. रिमची रुंदी तीच, रुंद टायर त्यावर चिमटल्यासारखा बसतो, आणि मागच्या टायरचा घेर बदलला तर एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोलचं पुढच्या-मागच्या चाकाचं गणित हलतं. मूळ मापच घेणार, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळ टायरइतका किंवा जास्त बघून. बिलावर गाडीचा नंबर आणि किलोमीटर टाकून घ्यायचे.